ताप येण्याआधीची तयारी: प्रतिकारशक्ती कमी झालेलं माणूस गावी परतल्यावर काय करायचं

नागपूर-वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातून सुट्टी होते, तेव्हा माणसासोबत एक जाड फाइल, गोळ्यांची पिशवी आणि ‘इन्फेक्शनपासून जपा’ एवढी सूचना घरी येते. घरी एक मोठी खोली, समोर ओसरी, अंगणात ढोरं. पिण्याचं पाणी रांजणात, शाळेत जाणारी दोन लेकरं आणि संध्याकाळपासून ‘पाहाले आलो जी’ म्हणत येणारं अर्धं गाव. शहरातल्या फ्लॅटसाठी सांगितलेले नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीचं किडनी प्रत्यारोपण झालं, तेव्हापासून आमचं घर या नियमांवर चालतं आणि आजूबाजूच्या गावांत अशी घरं असली की आशाताई मला सोबत नेतात. तिथे जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आपलं माणूस यात येतं का, ते आधी पाहा

कर्करोगाची कीमो चालू आहे, किडनी किंवा दुसरा अवयव बसवला आहे, डायलिसिस चालू आहे, एचआयव्ही आहे आणि सीडी-फोर (संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचा रक्तातला आकडा) २०० च्या खाली आहे, ही माणसं सहज लक्षात येतात. सुटून जातात ती दुसरी. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणारी बाई, किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २० मिलीग्रॅम वा जास्त, दोन आठवड्यांहून अधिक काळ घेणारा माणूसही यातच मोडतो. बाजारात सांधेदुखीवर बिननावाची पुडी मिळते, तिच्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ‘पुडीने गुडघे एकदम मोकळे झाले’ असं कोणी म्हणालं तर ती पुडी डॉक्टरला दाखवा. मात्र बरेच दिवस घेतलेली असेल तर एकाएकी थांबवू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो.

आणि आपल्याकडचा सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात तो घरोघरी माहीत आहे. अंग दुखतं, रक्त कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या आजारात लहानपणीच प्लीहा निकामी होते आणि संसर्गाशी लढण्याचं मोठं काम प्लीहाच करते, हे फार थोड्या घरांत सांगितलेलं असतं. म्हणून सिकलसेल रुग्णाचा ताप हा साधा ताप धरायचा नाही. वाहक (ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आला आहे) आणि रुग्ण यांत गल्लत करू नका. नुसत्या वाहकाला ही बंधनं लागू नाहीत.

तापाचा निर्णय आजच घेऊन ठेवा

या लेखातलं एवढं एकच करायचं ठरवलंत तरी चालेल.

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. हात लावून ताप पाहणं इथे उपयोगाचं नाही. तोंडात धरून मोजायचं, गरम चहा किंवा थंड पाणी घेतलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून. काखेत मोजला तर आकडा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात आणखी एक अडचण येते. टिनाखालच्या खोलीत पारा ४४-४५ सेल्सिअसला गेला की कपाटातलं थर्मामीटरच अंगापेक्षा गरम झालेलं असतं आणि आकडा चुकतो. ते माठाजवळ, थंड जागी ठेवा. माणूस उन्हातून आला असेल तर आधी सावलीत बसू द्या, मग मोजा.

आकडा १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की लगेच फोन आणि लगेच दवाखाना. कीमो घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी डोस दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यांत खाली असतात. त्या दिवसांवर कॅलेंडरात लाल खूण करा आणि तेवढे दिवस जास्तच सावध राहा. ताप विषाणूचा आहे की जिवाणूचा, हे घरी बसून कोणालाच कळत नाही. पेशी कमी असताना जिवाणूचा ताप काही तासांत माणसाला गारद करतो. म्हणूनच दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो.

आधी पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतो का पाहू’ असं करू नका. गोळीने आकडा खाली येतो, आजार तिथेच राहतो. मोजा, लिहून ठेवा, फोन करा आणि सांगितलं तर गोळी द्या.

स्टेरॉइड घेणाऱ्याला कधी कधी ताप चढतच नाही. त्याच्या बाबतीत हुडहुडी भरणं, धाप लागणं, असंबद्ध बोलणं, एकदम गळून जाणं, लघवी कमी होणं, अन्न अजिबात नकोसं होणं, यातलं एक जरी दिसलं तरी ते तापाइतकंच गंभीर समजा.

आता तयारी. गावात उशीर होतो तो आजार कळला नाही म्हणून नाही. घरधनी वावरात असतो, पैसे कोणाकडे मागायचे ते ठरत नाही, गाडीवाला झोपलेला असतो आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘सकाळी पाहू.’ हे सगळं ताप नसतानाच निपटून टाका. थर्मामीटरवर आकडा पाहणारं माणूस, मग ती सून असो की दहावीतली लेक, कोणाला न विचारता फोन करू शकते, हे घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. गावातल्या दोन गाडीवाल्यांना सांगून ठेवा, एकच नको. डिझेल आणि दवाखान्याचे वरखर्चाचे पैसे एका डब्यात वेगळे काढा आणि बी-बियाण्याच्या दिवसांतही त्याला हात लावू नका. फाइल, रेशन कार्ड, आधार आणि योजनेचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगा. १०८ ला फोन लावला तर पहिल्याच वाक्यात सांगायचं: ‘कीमो चालू आहे आणि ताप आहे’ किंवा ‘किडनी बसवलेला रुग्ण आहे’. दवाखान्यात पोचल्यावरही आधी हेच सांगा, ओळीत बसून नंबर येण्याची वाट पाहू नका.

उपचार करणाऱ्या डॉक्टरला पुढच्या भेटीत विचारून घ्या: रात्री ताप आला तर जवळच्या कोणत्या दवाखान्यात आधी न्यायचं? गडचिरोलीच्या टोकावरून नागपूर गाठण्यापेक्षा जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पहिला डोस मिळणं कधीही चांगलं. डॉक्टरकडून तसं एका कागदावर लिहून आणलंत तर तिथल्या डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

भेटायला येणारी माणसं

खेड्यात आजारी माणसाला पाहायला न जाणं म्हणजे नातं तोडणं. त्यामुळे ‘कोणी येऊ नका’ असं सांगून भागत नाही, आणि आजारी माणसालाही माणसं हवी असतात. महिनोन्महिने आतल्या खोलीत कोंडलेल्या माणसाचं जेवणच सुटतं, हे मी पाहिलं आहे.

आमच्याकडे बैठक अंगणात होते. निंबाखाली बहिणीची बाज, समोर चार हातांवर दोन खुर्च्या, ओट्याच्या कोपऱ्यात पाण्याची बादली, तांब्या आणि साबण. मोकळ्या हवेत श्वासातले थेंब विरून जातात, बंद खोलीत ते तासन्तास तरंगतात. सर्दी, खोकला, फ्लू, कोविड या सगळ्यांना हेच लागू. येणाऱ्याला आई सांगते, ‘मामाजी, हात धुवा जी, अन् बसा इथंच, चहा आणते.’ कोणालाही वाईट वाटत नाही, कारण चहा मिळतो आणि बोलणंही होतं. नाक वाहत असेल, घसा खवखवत असेल, हगवण लागली असेल, अंगावर पुरळ असेल, तर फाटकावरूनच फोनवर बोलायचं. हे सांगायचं काम रुग्णावर टाकू नका. ते घरातल्या मोठ्या माणसाने करावं.

पावसाळ्यात ओसरी. तिथेही जमत नसेल तर खोलीची समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवा आणि दोघांनीही मास्क लावा. उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा विषाणू अडवत नाही. पाहुण्याला तीनपदरी मास्क आणि रुग्णाला एन-९५, नाकावर नीट दाबून.

लग्न, तेरवी, भागवत सप्ताह, पोळ्याची गर्दी, आठवडी बाजार: पहिले काही महिने हे सोडायचंच. मंडपाबाहेर, जेवणं आटोपल्यावर, दहा मिनिटं उभं राहून अक्षता टाकून यायला हरकत नाही. पंगतीत बसायचं नाही. मरणाच्या घरी जाणं चुकवता येत नाही असं प्रत्येक जण म्हणतो. तिथे रुग्णाच्या वतीने घरातला दुसरा जाईल, एवढं आधी ठरवून ठेवा.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते. जपणं वेगळं आणि वाळीत टाकणं वेगळं. रुग्णाला वेगळं ताट, वेगळा कोपरा, लेकरांना जवळ न जाऊ देणं, असं काही नको. भांडी साबणाने घासली की पुरे. एचआयव्ही असलेल्या माणसाबरोबर जेवल्याने, बसल्याने तो आजार कोणालाही होत नाही. इथे आपण बाहेरच्या विषाणूपासून रुग्णाला वाचवतो आहोत, रुग्णापासून बाकीच्यांना नाही.

घरातलंच कोणी आजारी पडलं तर त्याने रुग्णाची सेवा आणि स्वयंपाक दोन्ही सोडावं, वेगळं झोपावं. बहुतेक घरांत हे दोन्ही एकाच बाईकडे असतं, म्हणून तिला सोडता येत नाही. ताप असतानाही ती चुलीपुढे बसते आणि मग रुग्ण पडतो. सेवेसाठी दुसरं माणूस आधीच शिकवून ठेवा, गोळ्यांच्या वेळेपासून भाकरीपर्यंत. पुरुषांनी शिकावं.

कांजण्या, गोवर, नागीण

गावात ‘माता आली’ असं कळलं की रुग्णाने त्या गल्लीतही जायचं नाही. कांजण्यांचा विषाणू हवेतून पसरतो आणि पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तो पसरत राहतो. निंबाचा पाला दाराला बांधा, मातामायची पूजा करा, त्याला माझी ना नाही. त्या घरचा प्रसाद घेऊन आपल्या घरी कोणी यायचं नाही, इतकंच.

चुकून एका खोलीत बसणं झालं असेल, तर पुरळ येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. कांजण्यांचा संपर्क झाल्यावर शक्यतो पहिल्या चार दिवसांत, फार तर दहा दिवसांत, आणि गोवराचा झाल्यावर सहा दिवसांत संरक्षणाचं इंजेक्शन देऊन आजार टाळता किंवा सौम्य करता येतो. कांजण्यांसाठी डॉक्टर गोळ्याही सुरू करू शकतात. संपर्कानंतर कांजण्या उठायला १० ते २१ दिवस लागतात. त्यामुळे ‘आठ दिवस झाले, काही नाही झालं’ असं म्हणून निर्धास्त होऊ नका.

नागीण म्हणजे अंगात दबून बसलेला कांजण्यांचाच विषाणू, प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा उठलेला. एका बाजूला पट्ट्यासारखी आग, मग पाण्याचे फोड. गेरू-काव लावण्यात दिवस जातात आणि औषध तर पहिल्या ७२ तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं. आपल्या रुग्णाने ७२ तास उलटून गेले तरी जायचंच. फोड कपाळावर, डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी.

लसी

दोन प्रकार समजून घ्या. ज्यांत आजाराचा जिवंत विषाणू नसतो अशा लसी रुग्णाला चालतात: फ्लूची सुई दरवर्षी, कावीळ-बीची, कोविडची. डायलिसिसवाल्यांना कावीळ-बीचा डोस नेहमीपेक्षा दुप्पट लागतो, म्हणून लस देणाऱ्याला डायलिसिसचं सांगाच. फ्लू आपल्याकडे पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या शेवटी असा दोनदा वर येतो, त्यामुळे सुई मृगाआधी घेतलेली बरी. जिवंत विषाणूच्या लसी, म्हणजे गोवर-रुबेला, कांजण्यांची, या रुग्णाने डॉक्टरच्या परवानगीशिवाय घ्यायच्या नाहीत. प्रत्यारोपण किंवा कीमो ठरलेली असेल आणि वेळ हाती असेल, तर राहिलेल्या लसींबद्दल त्याआधीच विचारा. नंतर लस तेवढी लागू पडत नाही.

म्हणूनच घरातल्या बाकीच्यांनी लसी घेणं हे रुग्णासाठी मोठं कुंपण आहे. लेकरांचा गोवर-रुबेलाचा डोस चुकवू नका, तो घरातल्या रुग्णाला बाधत नाही. पोलिओच्या थेंबांचं मात्र थोडं वेगळं आहे. त्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. घरात असा रुग्ण आहे हे आरोग्यसेविकेला आधी सांगा. पोलिओची सुईही असते, काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, स्वतःहून डोस टाळू नका. थेंब दिले असतील तर पुढचा महिना-दीड महिना बाळाची शी रुग्णाने काढायची नाही आणि काढणाऱ्याने साबणाने हात धुवायचे. जुलाबाच्या विषाणूंवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

पाणी

जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीला गढूळ पाणी आलं की कावीळ आणि हगवण मागोमाग येतात. रुग्णाचं पाणी खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, त्याच गंजात झाकून निववा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. तुरटी फक्त गाळ बसवते, फडक्याने गाळल्याने विषाणू जात नाहीत. उसाचा रस, बर्फगोळा, महाप्रसादातलं ताक-कोशिंबीर वर्ज्य. घरचं ताजं, वाफाळतं जेवण पोटभर खाऊ द्या.

कूलर आणि डास

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. रांजण, टाकं, कोंबड्यांचं भांडं, सगळं रिकामं करून, घासून, वाळवायचं.

विदर्भात खरी जागा कूलरची. पाऊस लागला की कूलर बंद होतो, पण तळाशी बोटभर पाणी घेऊन तो खिडकीतच बसून राहतो. ऑगस्टमध्ये कधी ताटी बाजूला करून टॉर्च मारून पाहा. पाण्यात वळवळणारे बारीक केसासारखे किडे दिसतील, उजेड पडताच खाली बुडी मारतील. नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. टाकी काथ्याने खरडून घासा, जुनं वाळ्याचं किंवा लाकडी भुशाचं सामान काढून टाका, कूलर पालथा करून झाकून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात सुरू करण्याआधी पुन्हा घासा. जे टाकं रिकामं करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रात विचारले की मिळतात.

रुग्णाने दुपारीही मच्छरदाणीत झोपावं. मातीच्या भिंतींच्या भेगा लिंपून घ्या, त्यात वाळूमाशी राहते. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा, १९६५ मध्ये सापडलेला विषाणू तीच पसरवते आणि तो प्रामुख्याने पंधरा वर्षांखालच्या लेकरांच्या मेंदूवर जातो. प्रतिकारशक्ती चांगली असली तरी लेकरांना तो होतो, म्हणून हे घरातल्या सगळ्या लेकरांसाठीच करायचं.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद लावू नका. मग लगेच आरोग्य केंद्र. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लसीसोबत सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, आणि लसीचे पाचही डोस दंडात पूर्ण घ्यायचे: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. आधी कधी लस झाली असली तरी स्वतःहून कमी डोस घेऊ नका. आपला आजार तिथे सांगितला नाही तर नेहमीच्या रुग्णासारखं धरून सीरम राहून जाऊ शकतं.

गावातली सुई आणि काढा

अंगात कणकण आली की गावातल्या डॉक्टरकडून ‘एक सुई’ मारून घ्यायची सवय आपल्याला आहे. ती बहुधा डायक्लोफेनॅकसारखी दुखणं दाबणारी असते. बसवलेल्या किडनीला ती घातक, डेंग्यूत रक्तस्राव वाढवणारी. कीमोने प्लेटलेट उतरलेल्या असतील तर सुईच्या जागीच रक्त साकळतं. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही ताप मोजून झाल्यावर आणि विचारून. किडनीवाल्यांनी दुसऱ्या डॉक्टरने दिलेली कोणतीही नवी गोळी आपल्या डॉक्टरला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय घेऊ नये. काही अँटिबायोटिक आणि बुरशीची औषधं टॅक्रोलिमसची (अवयव टिकावा म्हणून रोज घ्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी एकदम चढवतात.

प्रतिकारशक्ती वाढवणारा काढाही नको. ज्याचा अवयव टिकावा म्हणून ती शक्ती मुद्दाम दाबली आहे, त्याची ती वाढवणं म्हणजे अवयव गमावण्याचा धोका. कोविडच्या काळात गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. सासूबाई प्रेमाने देतात म्हणून नाही म्हणवत नाही, हे मला समजतं. आल्याचा चहा द्यायला सांगा.

दवाखान्याच्या फेऱ्या आणि पावसाळा

सकाळची पहिली एस.टी., खिडकीची जागा, मास्क घरापासून घरापर्यंत. कोंबून भरलेली काळी-पिवळी नको. ओपीडीत रुग्णाला बाहेर झाडाखाली बसवा, नंबर लावायला दुसऱ्याने जावं. घरून डबा आणि पाणी न्या.

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो, आणि पूर्व विदर्भात अशा नद्या-नाले खूप आहेत. तुमचं गाव तसं असेल तर जूनच्या भेटीत जास्तीच्या गोळ्या मागून घ्या. अवयव बसवलेल्याचा एकही डोस चुकता कामा नये. कीमोचे लाल खुणेचे दिवस अतिवृष्टीच्या इशाऱ्यात येत असतील, तर ते दिवस नदीच्या दवाखान्याकडच्या बाजूला, तालुक्याच्या ठिकाणी नातलगाकडे काढा.

हे किती दिवस

कीमो संपल्यावर पेशी सावरायला काही महिने लागतात. रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टर एकेक बंधन सोडतात. प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत कडक. पुढे बाजारहाट, शेतावर जाणं सुरू होतं, पण तापाचा, कांजण्यांचा आणि गावातल्या सुईचा नियम जन्मभर राहतो. मध्ये शरीराने अवयव नाकारल्यामुळे जास्त औषधं द्यावी लागली, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सगळं. एचआयव्हीत एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) नियमित घेतली की सीडी-फोर चढतो आणि माणूस बहुतेक सगळं करू लागतो. सिकलसेलच्या लेकराला शाळेत जाऊ द्या, खेळू द्या. फक्त वर्गशिक्षकांकडे आईचा नंबर आणि ‘ताप आला तर लगेच कळवा’ एवढी चिठ्ठी दरवर्षी जूनमध्ये देऊन ठेवा, कारण शिक्षक बदलतात.